नवं कोरं लायसन्स, न्यूझीलंडचं दक्षिण बेट आणि भाड्याची गाडी

सई_नाशिक:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जायचं घाटतंय. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. ख्राइस्टचर्चला उतरून टेकापो, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि परत ख्राइस्टचर्च. बसेस आहेत, पण सासूबाईंचे गुडघे आणि लेकीचं "आई, आत्ताच्या आत्ता शू" बघता आपल्या ताब्यात गाडी असलेली बरी असं वाटतंय.

अडचण अशी की घरात चारचाकी फक्त मी चालवते आणि माझं चारचाकीचं लायसन्स गेल्या डिसेंबरातलं आहे. म्हणजे गाडी घेईन तेव्हा वर्ष पुरं व्हायला थोडक्यात राहील. दुचाकीचं मात्र कॉलेजपासूनचं, २०११ चं. कार्ड एकच असल्याने त्यावर पहिल्यांदा लायसन्स दिल्याची तारीख २०११ अशीच छापलेली आहे. बहुतेक बुकिंग साइटवर "लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं" असं लिहिलंय. माझं कुठलं धरायचं?

अनुभव म्हणाल तर नाशिकात रोजची ये-जा, पुण्याच्या फेऱ्या आणि कसारा घाट. गाडी मॅन्युअल. नवरा म्हणतो तू चालवशील गं, सासूबाई काही बोलत नाहीत पण रामरक्षा मोठ्याने म्हणायला लागल्या आहेत. कोणी जाऊन आलंय का?

डबलक्लच:
कार्डावर २०११ आहे ना? मग विषय संपला. काउंटरवरचा माणूस फोटो बघतो, तारीख बघतो, क्रेडिट कार्ड घासतो आणि चावी देतो. उगाच स्वतःहून "माझं नवीन आहे हो" सांगत बसू नका. तिथे गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ते रिकामे. ज्याने नाशिकचा द्वारका चौक पार केला त्याला न्यूझीलंड म्हणजे किस झाड की पत्ती.

घाटवाट:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण असहमत. माझी नोकरी मोटार विम्याच्या सर्व्हेची होती, आता निवृत्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सईताई, कार्ड उलटं करा. मागे एक तक्ता आहे. त्यात एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची दुचाकी आणि एलएमव्ही म्हणजे चारचाकी अशा वेगळ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे तिची स्वतःची तारीख असते. पुढची २०११ ची तारीख तुम्हाला पहिल्यांदा कुठलं तरी लायसन्स मिळालं त्याची. चारचाकी चालवायचा परवाना तुम्हाला मिळाला तो मागच्या ओळीतल्या तारखेला.

काउंटरवर कोणी कार्ड उलटं करत नाही हे डबलक्लच यांचं म्हणणं खरं आहे. पण वाद काउंटरवर होतच नाही. वाद होतो गाडी ठोकल्यावर. तोवर सगळे गोड बोलतात. दाव्याची रक्कम मोठी झाली की फाइल एखाद्या माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर जाते आणि तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कार्ड उलटं करतो. करारात "चालकाकडे या प्रकारच्या वाहनाचं लायसन्स अमुक मुदतीचं आहे" असं कलम असेल आणि तुम्ही त्याखाली सही केली असेल, तर "पण पुढे २०११ लिहिलंय" हा बचाव टिकत नाही. मग विमा नाही, आणि गाडीची आख्खी किंमत तुमच्या कार्डावर.

उपाय अगदी साधा. कंपनीला आत्ताच ईमेल करा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा आणि सरळ विचारा, दुचाकी तेव्हापासून, चारचाकी तेव्हापासून, गाडी द्याल का आणि विमा पूर्ण लागू राहील का? उत्तर लेखी येऊ द्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. फोनवरचं "नो प्रॉब्लेम मॅडम" काही कामाचं नाही.

फुकटचा_सल्ला:
दंडवत घ्या, घाटवाट. आत्ता उठून बायकोचं आणि माझं कार्ड उलटं करून आलो. सतरा वर्षांत पहिल्यांदा कळलं की मागे काही लिहिलेलं असतं.

मीनाक्षी_ठाणे:
आंतरराष्ट्रीय परमिट, म्हणजे आयडीपी, लागतं का तिथे? आम्ही जपानला गेलो तेव्हा त्याशिवाय गाडीला हात लावू देत नव्हते.

दक्षिणबेट:
ख्राइस्टचर्चला राहतो, इथे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आयडीपी: कायद्याने लायसन्स इंग्रजीत असेल तर नाही लागत. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं, त्यामुळे पाहुणा म्हणून तुम्ही त्यावर गाडी चालवू शकता. पण काही भाडे कंपन्या तरी मागतात, आणि मीनाक्षी म्हणतात तसं जपानात ते हवंच. सारथी पोर्टलवर अर्ज, पासपोर्टची प्रत, हजार रुपये फी, आरटीओ देतं, वर्षभर चालतं. काढून ठेवा, तोटा नाही. फक्त आयडीपी हा मूळ लायसन्सला पर्याय नाही, दोन्ही बरोबर हवीत. आणि लायसन्स म्हणजे प्रत्यक्ष कार्ड, मोबाइलमधलं डिजिलॉकर नव्हे. इथे गाडी चालवताना कार्ड अंगावर असणं सक्तीचं आहे. ज्यांचं लायसन्स नवं आहे आणि कार्ड अजून पोस्टातच फिरतंय, त्यांनी ते हातात पडल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नयेत.

आता रस्त्यावरचं. डावी बाजू, उजवं स्टिअरिंग ही आपली मोठी सोय. पण त्यामुळेच आपल्याला वाटतं की सगळं आपल्यासारखंच आहे, आणि तिथेच गडबड होते.

पहिलं म्हणजे फ्री लेफ्ट नाही. सिग्नल लाल आहे म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल आहे. डावीकडचा हिरवा बाण लागला तरच वळायचं. आपल्याकडची सवय इतकी मुरलेली असते की पाय आपोआप सुटतो. माझ्या सासऱ्यांना शेजारी बसवून मी नुसतं "थांबा, थांबा" करत होतो.

दुसरं म्हणजे एकेरी पूल. दक्षिण बेटावर हमरस्त्यावर सुद्धा एका गाडीपुरते पूल आहेत. आधी पाटी येते. निळ्या चौकोनी पाटीत तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण आणि समोरून येणारा छोटा लाल बाण असेल, तर हक्क तुमचा. लाल कड असलेली गोल पाटी आणि तुमच्या दिशेचा बाण छोटा, लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. लहान लाल बाण ज्याचा, तो थांबतो, एवढं पाठ करा. हक्क तुमचा असला तरी पुलावर आधीच कोणी असेल तर थांबायचंच. इथे डिपर मारून घुसणं हा प्रकार नाही.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचं. 'स्टॉप'ची पाटी असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा दिसत असला तरी. शाळेची बस उभी असेल तर दोन्ही दिशांनी २० चा वेग. गावात साधारण ५०, बाहेर १००. मोबाइल हातात दिसला तर १५० डॉलर दंड.

आणि मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडे जागा बघून बाजूला व्हा आणि जाऊ द्या. नव्या चालकाने हळू चालवण्यात काहीच गैर नाही. पण रांग धरून ठेवली की लोक वैतागतात आणि भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतात. बाजूला झालात तर हात हलवून जातील.

सई_नाशिक:
बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार. घाटवाट काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन कंपन्यांना ईमेल टाकलंय. उत्तर आलं की इथे लिहिते.

आणखी एक. क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या नावावर आहे, गाडी मी चालवणार. चालतं का? आणि तो विम्यातला 'एक्सेस' म्हणजे काय ते नीट कळलं नाही.

घाटवाट:
कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं असा बहुतेक ठिकाणी नियम. नवऱ्याच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड काढा, त्यावर तुमचं नाव असेल, काम होतं. डेबिट कार्डावर विसंबू नका. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. नव्या कार्डावर तो बंदच असतो, आणि काउंटरवर रक्कम अडकवून ठेवताना कार्ड नाकारलं जातं. मर्यादाही वाढवून घ्या.

एक्सेस म्हणजे आपल्या पॉलिसीतलं कंपल्सरी डिडक्टिबल, दाव्यातला आपण स्वतः भरायचा हिस्सा. आपल्याकडे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ते १००० रुपये असतं म्हणून आपण कधी त्याकडे बघत नाही. तिथे ते काही हजार न्यूझीलंड डॉलर असतं. एक डॉलर साधारण पन्नास रुपये धरा आणि गुणाकार करा. चूक कोणाचीही असो, तेवढे पैसे आधी तुमच्या कार्डावरून जातात, दुसऱ्याकडून वसूल झाले तर मग परत. आणि न्यूझीलंडमध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही हे लक्षात ठेवा. तुम्हाला ठोकणाऱ्याकडे विमाच नसण्याची शक्यता आहे.

रोजचे जास्त पैसे भरून एक्सेस शून्यावर आणता येतो. एरवी मी अशा जादा विक्रीच्या विरोधात असतो, पण लायसन्स नवं असेल तर डोळे मिटून घ्या. तरीही बारीक अक्षरं वाचा. काच, टायर, गाडीची खालची बाजू, छत, चुकीचं इंधन आणि दुसरी गाडी नसताना झालेली पलटी यांतलं काय काय वगळलंय ते बघा. 'शून्य एक्सेस' म्हणतात आणि काच त्यात नसते, असे करार असतात.

दक्षिणबेट:
काचेबद्दल +१. डांबरीवर सुद्धा बारीक खडी असते, समोरच्या ट्रकच्या चाकातून उडते. आणि काही रस्ते करारातच बाद असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रोड हे नेहमीचं नाव, उत्तर बेटावर नाइन्टी माइल बीच. तिथे गेलात की विमा गेला.

जिवाला दुखापत झाली तर एसीसी ही सरकारी योजना आहे. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न बघता ती पाहुण्यांच्याही इथल्या उपचारांना मदत करते. पण भारतात परत न्यायचा खर्च, बुडालेली ट्रिप वगैरे त्यात येत नाही, म्हणून प्रवास विमा हवाच.

अजून एक, डिझेल गाडी स्वस्त दिसली तर हुरळू नका. इथे पेट्रोलचा रस्ता-कर लिटरमागे आत धरलेला असतो. डिझेलवाल्यांना तो किलोमीटरवर वेगळा भरावा लागतो, १००० किलोमीटरला ७६ डॉलर. कंपनी तो तुमच्याकडून घेते.

अनुजा_पी:
आम्ही असंच केलं होतं, चालक माझा भाऊ, लायसन्स नवंच. माझं मत सांगते, पटलं तर घ्या.

गाडी घ्याच. टेकापोचा रस्ता जेराल्डाइनवरून बर्क्स पासने जातो, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. नव्या माणसाला हात बसायला यासारखा रस्ता नाही. टेकापोहून वानाकाला लिंडिस पास, उंची ९७१ मीटर, वळणं आहेत पण रुंद. कसारा चढलेल्या बाईला काहीच नाही.

वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना मात्र मॅप तुम्हाला क्राउन रेंजवरून नेईल, कारण ते जवळ आहे. ऐकू नका. शेवटी क्वीन्सटाउनच्या बाजूला उतरताना एकामागोमाग तीव्र वळणं आहेत आणि मागून घाई असलेले लोक. त्यापेक्षा क्रॉमवेलवरून कावाराऊ नदीच्या खिंडीतून जा. थोडं लांब पडतं, पण रस्ता सोपा. डिसेंबर-जानेवारीत क्रॉमवेलच्या फळांच्या दुकानांत चेरी असतात, सासूबाई खूश.

आणि मिलफर्डला स्वतः चालवू नका. हे मी ठामपणे सांगते. क्वीन्सटाउनहून एका बाजूने जवळजवळ २९० किलोमीटर, चार तास. लोक एका दिवसात जाऊन-येऊन करतात, वर बोटीची वेळ गाठायची असते, आणि वाटेत प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढावासा वाटतो. म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष डोंगराकडे, डोळा घड्याळाकडे. गाडीने 'ते अनाउ' नावाच्या गावापर्यंत जा, तिथे राहा, आणि सकाळी तिथून कोचने मिलफर्ड. तुम्हालाही खिडकीतून बघायला मिळेल की. नाहीतर चालवणाऱ्याने दक्षिण बेट बघितलं म्हणजे फक्त डांबर बघितलं असं होतं.

डबलक्लच:
मिलफर्ड रोड एवढा काही भयंकर नाही हो. आपला वरंधा घाट पावसात चालवलेल्या माणसाला हे सांगू नका. बाकी क्रॉमवेलचं पटलं.

अनुजा_पी:
डबलक्लच, प्रश्न वरंधा चालवलेल्याचा नाही, वर्ष न झालेल्या लायसन्सचा आहे. :)

दक्षिणबेट:
अनुजांना माझं मत. 'ते अनाउ'पासून मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटर आहे. वाटेत होमर टनेल, १९५० च्या दशकात खुला झालेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आतून खडकाचा, अरुंद आणि मिलफर्डकडे उताराचा. स्वतः गेलातच तर 'ते अनाउ'ला टाकी भरून घ्या.

अवांतर: टनेलपाशी सिग्नलला थांबलात की किआ येतात. किआ गाडी नव्हे, पक्षी. हिरवा, घारीएवढा डोंगरी पोपट, पंखांखाली नारिंगी. बॉनेटवर उतरतो, मान वाकडी करून तुमच्याकडे बघतो आणि मग शांतपणे काचेभोवतीचं रबर चोचीत धरून ओढायला लागतो. आमच्या गाडीच्या वायपरचं रबर एकाने दोरा उसवावा तसं अर्धं बाहेर काढलं होतं, आणि दुसरा छतावर ॲन्टेना तपासत होता. खायला काही देऊ नका, तो गुन्हाच धरा. थांबायचं असेल तर गाडीत कोणीतरी बसा.

फुकटचा_सल्ला:
घाटवाट काका, पोपटाने खाल्लेलं रबर विम्यात बसतं का? ह. घ्या.

घाटवाट:
पोपटाची तारीख मागच्या बाजूला बघावी लागेल.

आल्प्सवाला:
म्युनिकहून. धागा आवडला. नव्या चालकांना एकच जोड देतो. पहिला परदेश निवडताना डावीकडून चालणारा निवडा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड वगैरे. बाकी बहुतेक युरोपात उजवीकडची बाजू, वर इथे स्वस्तातली भाड्याची गाडी हटकून मॅन्युअल, म्हणजे गिअर उजव्या हाताने. नवख्याला एकाच वेळी दोन गोष्टी उलट्या शिकायला लागतात.

दक्षिणबेट:
हो, आणि इथे उलट. भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. मॅन्युअलवर शिकलेल्याचा डावा पाय क्लच शोधतो आणि ब्रेकचं रुंद पेडल त्याच्या खाली येतं. क्लच दाबायच्या सवयीने ते पूर्ण दाबलं की गाडी जागच्या जागी थांबते, मागचा पुढच्या सीटवर आदळतो. डावा पाय आखडून मागे ठेवायची सवय भारतातच लावून घ्या. कोणा ओळखीच्याची ऑटोमॅटिक रविवारी सकाळी मागून घ्या.

उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका हेही सांगायचं राहिलं. भारतातून थेट विमान नाही, प्रवासाने माणूस आंबलेला असतो. एक रात्र झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या, अंधार पडायच्या आत मुक्कामी. तुम्ही याल तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही.

मीनाक्षी_ठाणे:
परतीचा प्रवास क्वीन्सटाउन ते ख्राइस्टचर्च मॅपवर ४८० किमी दिसतोय. एकाच चालकाला जास्त नाही का होत?

अनुजा_पी:
होतं. गाडी क्वीन्सटाउनला सोडून विमानाने परत जा. एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडायचे जादा पैसे लागू शकतात, पण एक दिवस आणि एक पाठ वाचते.

सई_नाशिक:
उत्तरं आली! पहिल्या कंपनीने स्पष्ट लिहिलंय की चारचाकीचीच तारीख धरली जाईल आणि गाडी घ्यायच्या दिवशी वर्ष पूर्ण हवं. दुसरी म्हणते की पूर्ण लायसन्स असलं की झालं, पण वर्षाच्या आत असेल तर एक्सेस वाढेल आणि तो शून्यावर आणता येणार नाही. म्हणजे काकांचं म्हणणं तंतोतंत. डबलक्लच यांचं ऐकून गप्प बसले असते तर पहिल्या कंपनीची चावी मिळाली असती आणि विमा नसता.

घरी बसून ठरवलं की ट्रिपच पुढे ढकलायची. माझं वर्ष डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरं होतंय, त्यानंतर निघतो. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आत परत येतो म्हणजे दर फार चढणार नाहीत. पहिल्या कंपनीची गाडी, एक्सेस शून्य, काच-टायरसह. मिलफर्ड कोचने, परत विमानाने. क्राउन रेंज नाही. शेजारच्या काकूंची ऑटोमॅटिक रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत नेणार आहे.

शेवटचा प्रश्न. लेकीला जानेवारीत सात पूर्ण होतील. चाइल्ड सीट लागेल का? ती म्हणते मी मोठी आहे.

घाटवाट:
उत्तम निर्णय. एक राहिलं. गाडी घेताना आणि सोडताना चारही बाजू, चाकं, छत आणि काच यांचा व्हिडिओ काढा, त्यात किलोमीटरचा काटा आणि पेट्रोलचा काटा येऊ द्या. आधीचे ओरखडे करारातल्या चित्रावर लिहून घेतल्याशिवाय पार्किंगमधून हलू नका.

डबलक्लच:
बरं, हरलो. पण वरंध्याला या एकदा.

दक्षिणबेट:
सीट लागेल. सातवा वाढदिवस होईपर्यंत सक्तीची आहे, आणि आठव्यापर्यंतसुद्धा गाडीत उपलब्ध असेल तर वापरायची. तिच्या वयाला बूस्टर पुरेल. बुकिंग करतानाच उंची आणि वजन कळवा, कारण डिसेंबरात आयत्या वेळी मागितलं तर बूस्टर शिल्लक नसतात, आणि सीटशिवाय कंपनी गाडी हलवू देणार नाही.